दोघींच्या जमिनीतली वाट

५ सप्टेंबर २०२२

पहाटे वाटेवर गेले तर थोरलीचं कुत्रं पुन्हा माझ्या मागे. दगड उचलून दाखवला तरी परत जाईना. थोडं अंतर ठेवून येत राहिलं. मी थांबले की तेही थांबायचं आणि तोंड दुसरीकडे करायचं, जसं काही त्याला माझ्याशी देणंघेणं नाही. कुत्र्यालासुद्धा तिनं शिकवून ठेवलंय. मी कुठे जाते, किती वेळ थांबते, हे सगळं तिला कळायला हवं असतं.

परत आले तर दाराशी चूल पेटवून बसलेली. म्हणाली, "चहा जास्त झालाय. फेकायचा तर तूच पी." तिचा चहा रोजच जास्त होतो. इतक्या वर्षांत बाईला मापाने दूध घालता येऊ नये म्हणजे कमाल आहे.

माझं काम सोपं आहे. खालच्या दलदलीतून वरच्या टेकड्यांकडे हत्ती जातात, त्यांची वाट आमच्या तुकड्यातून आहे. पावलं बघायची, किती गेले, कुठून गेले, पिल्लं होती का, ते तुकाईला फोनवर सांगायचं. तुकाई वाटेच्या समितीचा माणूस. पूर्वी सगळं रानच सगळ्यांचं होतं, तेव्हा वाट सांभाळायला कुणी लागत नसे. मग गटाची जमीन वाटली गेली, ज्याचा त्याला तुकडा मिळाला, आणि ज्याने त्याने तारा आणल्या. आता आमच्या एका अंगाला टोमॅटोवाल्यांचं कुंपण आहे, दुसऱ्या अंगाला रस्ता आणि दुकानं. मधे उरलोय आम्ही. बाटलीचा गळा असावा तशी जागा. आसपासच्या घरांनी कुंपण न घालण्याचा करार केलाय, त्याचं त्यांना भाडं मिळतं, पोरांच्या शाळा त्यावर चालतात. गळा बंद झाला तर वरच्या सगळ्या मोकळ्या जमिनीला अर्थ नाही आणि कुणालाच काही मिळणार नाही.

घरधनी गेल्यावर वडीलधाऱ्यांनी तुकडा आमच्या दोघी सवतींत वाटला. ओढ्याकडचा थोरलीला, टेकडीकडचा मला. वाट दोन्हींतून जाते.

ते ह्याच वाटेवर गेले. संध्याकाळी हरवलेली कालवड शोधायला निघाले आणि झुडपाआड हत्तीण पिल्लू घेऊन उभी होती. त्यांचं नाव इथेही लिहिणार नाही. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, आणि लिहिणं म्हणजे घेणंच की.

१० सप्टेंबर

आज बायकांची बैठक झाली. पाऊस पुन्हा चुकला तर वासरं जगायची नाहीत. सगळ्यांत वयस्कर म्हणून आम्ही जिला नुसतं कोको, म्हणजे आजी, म्हणतो, ती म्हणाली, "आमच्या वेळी काय करायचो? वासरांसाठी एक रान राखायचो. काट्याच्या फांद्या लावायच्या आणि कुणाच्या बापाला आत सोडायचं नाही."

"कुणाच्या जमिनीत?" एकीने विचारलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. टेकडीच्या पायथ्याशी माझ्याकडे अजून गवत उभं आहे. मी हो म्हटलं. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. ते गेल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलेलं नाही. सगळे द्यायलाच येतात.

दिवसभर बाभळी तोडल्या. थोरलीही आली. तोंडाने कुरकुर आणि हाताने काम, दोन्ही सगळ्यांपेक्षा जास्त. मला म्हणाली, "धाकटे, हात पुढे करून फांदी ओढू नकोस, डोळ्यात काटा जाईल. वहीत काय लिहिणार मग, आंधळे?"

मी लिहिते ह्याचा तिला राग आहे. मी वाचायला शिकले ती चहापत्ती बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर. ती म्हणायची, चहा पिऊन झाला, आता कागदही खाणार का?

२ ऑक्टोबर

काल हत्ती थोरलीच्या कांद्यांतून गेले. ओढ्याकाठचे सगळे वाफे तुडवले. खाल्लं काही नाही, नुसते चालत गेले.

सकाळी ती वाफ्यांच्या मधे उभी होती. मी जवळ गेले.

"पाशे," मी म्हटलं. मी नवरी म्हणून ह्या घरात आले तेव्हा तिनं मला एक कालवड दिली होती. ज्या दोघींत असं देणंघेणं होतं त्या जन्मभर एकमेकींना पाशे म्हणतात, नावाने हाक मारत नाहीत. "पाशे, समितीला सांगते. ते येऊन बघतील."

"बघून काय करतील? कांदे उभे करतील?" ती वळली. तिच्या पायाला चिखल होता. "किसेमेईला निरोप पाठवलाय. कुंपण घालून टाकतो म्हणतो. तार, खांब, सगळं."

"वाटेवर?"

"वाटेवर, माझ्या जमिनीवर, माझ्या डोक्यावर. जिथे घालता येईल तिथे. ह्या घरातलं एक माणूस त्यांनी नेलं. पुरे."

किसेमेई तिचा मुलगा. गावात राहतो, मोटरसायकलवर माल वाहतो. हे बोलणं त्याचं असणार, तिच्या तोंडून आलेलं. पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते कांद्यांसाठी नव्हतं. माझ्यावर राग असावा, मी हत्तींच्या बाजूची म्हणून.

७ ऑक्टोबर

टायरच्या वहाणा सापडत नव्हत्या. घरभर शोधलं, वासरांच्या खोपटात शोधलं. शेवटी अनवाणी निघाले तर थोरली ओरडली, "काट्यात जातेस की काय?" आणि वहाणा तिच्याच खाटेखालून निघाल्या.

"कुत्र्याने आणल्या असतील," म्हणाली.

कुत्र्याने आणून जोडीने, नीट, एकमेकीला टेकवून ठेवल्या. बरोबर आहे.

मला आता तिचा डाव कळतोय. मी पावलं बघायला गेले नाही, समितीला खबर मिळाली नाही, की वाट वापरात नाही असं म्हणायला ही मोकळी.

१५ ऑक्टोबर

किसेमेई आला. सोबत शहरातला टोमॅटोचा व्यापारी, डोक्यावर टोपी, पायात स्वच्छ बूट. ओढ्याकडचा तुकडा त्याला कसायला हवाय, पण आधी कुंपण.

"धाकटी आई," किसेमेई मला म्हणाला, "तुझ्या तुकड्याला हात लावत नाही. आईच्या तेवढ्यात घालतो."

"गळ्याला अर्धा फास लावला तर अर्धा श्वास येतो का रे?"

"तू फार वाचतेस," तो हसला. मग हसू गेलं. "आई घाबरते, धाकटी आई. झोपत नाही. पहाटे उठून दारात बसते."

"तिला सवयच आहे. चहा करत बसते."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग व्यापाऱ्याला घेऊन गेला. घाबरते म्हणे. ज्या बाईने एकदा तरसाला जळतं लाकूड फेकून मारलं होतं, ती घाबरते.

आज चैन नाही. भांडी घासली, पुन्हा घासली. दोनदा टेकडीवर चढून खाली आले. बर्फाचा पांढरा डोंगर ढगाबाहेर होता, पण पावसाचा एक ढग खाली उतरत नाही.

२१ ऑक्टोबर

हे कुणाला सांगू कळत नाही, म्हणून इथे लिहिते.

आज ताजी पावलं मिळाली. दलदलीकडून नेहमीसारखी आली होती, आधी माझ्या तुकड्याकडे. मी त्यांच्या मागे मागे गेले. आमच्या काट्याच्या कुंपणापाशी ती थांबली होती. तिथे जमीन सगळी तुडवलेली, म्हणजे बराच वेळ उभे होते. पिल्लाची छोटी पावलं कुंपणाला लागून, मग मागे. आणि मग सगळा कळप ओढ्याकडे वळलेला, थोरलीच्या तुकड्याकडे, जिथे कांदे होते.

मोठ्या हत्तींना ह्या काट्याचं काय. पण पिल्लू होतं सोबत.

वासरांचं रान राखायचं ते घराजवळ, हे कोकोलाही माहीत होतं, मलाही. आमच्या आज्यांनी तसंच राखलं. पण तेव्हा जमीन मोकळी होती. कुठेही काटे लावले तरी हत्तींना जायला चारी बाजू होत्या. आम्ही जुन्या सवयीने, जिथे गवत दिसलं तिथे, अगदी गळ्यात काटे टाकले, आणि मी हो म्हटलं.

म्हणजे थोरलीचे कांदे हत्तींनी नाही, आम्ही तुडवले.

तुकाईला फोन केला. सांगितलं, पावलं ओढ्याकडे गेली. का गेली ते नाही सांगितलं. आतली वासरं डोळ्यांसमोर आली. कुंपण काढलं तर झेब्रे आणि रानम्हशी आत शिरतील, आणि गवत संपलं की बायका मला काय म्हणतील. नाही काढलं तर ती तार येणार. तार आली तर सगळंच संपलं.

२६ ऑक्टोबर

अजून सांगितलं नाही. कालपासून जेवण जात नाही. थोरलीने वाटीत मक्याच्या पिठाची उगाली आणि दूध आणून ठेवलं आणि न बोलता गेली. बोलली नाही हेच जास्त लागलं.

३ नोव्हेंबर

सकाळी ट्रक आला. खांब, तारेची वेटोळी, दोन मजूर. पहिला खड्डा त्यांनी बरोबर वाटेच्या मधोमध खणायला घेतला. मी टेकडीवरून बघितलं आणि धावत खाली आले.

"किसेमेई, थांब. आधी बोलू."

"बोलून झालंय, धाकटी आई. आईची जमीन आहे."

"माझं ऐकून घे, मग खण."

"व्यापारी संध्याकाळी येतोय बघायला." त्याने मजुरांना हात केला.

मग मी खाली वाकले. हातात गवत धरून मागितलं तर समोरच्याने हातातलं काम सोडून ऐकायचं, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत आहे. मार खाणाऱ्या पोराने चार काड्या उपटून धरल्या तरी बाप काठी खाली ठेवतो. मी वाकले आणि हातात धूळ आली. पुढे झाले, पुन्हा वाकले. मुळंसुद्धा नव्हती. ह्या वर्षी जमिनीने सगळं गिळून टाकलंय.

एक मजूर म्हणाला, "म्हातारीचं काही हरवलं का?" दुसरा हसला. ते दुसऱ्या मुलखातले.

किसेमेई हसला नाही. मी काय शोधतेय ते त्याला कळलं होतं. त्याने मान वळवली. "नाही मिळालं ना," तो हळू म्हणाला. "मग राहू दे. स्वतःचं हसं नको करून घेऊस."

वर बघितलं तर थोरली तिच्या दारातून वाकून बाहेर येत होती. गुडघा दुखतो तिचा, एका बाजूला झुकून चालते. तिच्या घरात अशक्त वासरू आहे, त्याच्याखाली अंथरायला आमच्या रानातलंच थोडं गवत नेलं होतं. त्यातली मूठ तिच्या हातात होती. मला वाटलं, मला हाकलायला येतेय. ती आली आणि ती मूठ माझ्या हातात कोंबली. ओली होती, वासराच्या मुताचा वास.

"मागायचं तर नीट माग," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने काय मागतेस, भिकाऱ्यासारखं?"

मग लेकाकडे वळून, "ते फावडं खाली ठेव."

"आई! तूच तर म्हणालीस कुंपण घाल म्हणून!"

"म्हणाले. अजूनही म्हणते. पण हिच्या हातात गवत आहे. आधी ऐकायचं, मग बघू."

४ नोव्हेंबर

आज चौघं बसलो. मी, थोरली, किसेमेई आणि तुकाई. मी गवत मांडीवर ठेवलं होतं. सुकलं होतं.

पावलांचं सगळं सांगितलं. मला वाटलं थोरली आता फोडून काढणार. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"काटे मीही तोडले की. कुत्रं तिथपर्यंत जाऊन येतं, मीही आले एकदा. पावलं मला वाचता येत नाहीत की काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मी मांडीवरचं गवत सारखं केलं.

मी म्हटलं, काटे काढते, सगळे. रान मोकळं करते. तुकाई म्हणाला, आणलेले खांब वाया जायला नकोत, ते कांद्याच्या वाफ्यांभोवती लावू, ओढ्याच्या कडेला, वाट सोडून. तार कमी लागेल, उरलेली परत पाठवता येईल. किसेमेई गुडघ्यावर हात आपटत राहिला. "आणि त्या टोपीवाल्याला काय सांगू?"

"सांग, माझी आई वेडी आहे," थोरली म्हणाली.

"कुठली?"

"दोन्ही सांग. पटेल त्याला."

तुकाई पोट धरून हसला. मीही. मग थोरली एकदम म्हणाली, "माझी एक अट आहे. हिचं पहाटेचं जाणं बंद."

मी म्हटलं, नाही.

"मग खांब वाटेवर उभे राहतील."

"ते माझं काम आहे."

"मी दुसऱ्या कुणाला नेमतो," तुकाई समजावत म्हणाला. "पावलं काय, कुणीही—"

"नाही!" मी ओरडले. मला स्वतःलाच कळलं नाही आवाज एवढा कुठून आला. किसेमेई दचकला. थोरलीने माझ्याकडे बघितलं नाही, तुकाईकडे बघितलं.

"बघितलंस?" ती त्याला म्हणाली. मग बराच वेळ हाताने गुडघा चोळत बसली. "ठीक आहे. जाऊ दे तिला. पण मी सोबत येणार. रोज."

"तुझा गुडघा?"

"गुडघा माझा आहे. त्याचं मी बघीन."

मान्य करावं लागलं. वाट वाचली, पण आता कुत्र्याऐवजी ती स्वतः मागे असणार.

१३ नोव्हेंबर

काटे काढले. त्याच रात्रीपासून झेब्रे आत शिरले. राखलेलं रान आज खरवडल्यासारखं दिसतंय. आधी कापून घेता आलं तेवढं कापलं आणि घरोघर वाटलं, पण ते पुरणारं नाही. कोकोचं एक वासरू गेलं. ती माझ्या दारात येऊन बोलली, "हत्तींना पाहुणचार आणि वासरांना धूळ. छान वाटणी केलीस." मी मान खाली घातली. थोरली मधे पडली, "कोको, माझ्याकडचा एक भारा ने. आणि हो म्हणताना तूही होतीस, विसरू नको." कोको गवत घेऊन गेली, पण माझ्याकडे न बघता.

पुढच्या वेळी रान राखायचं ते दुकानांच्या बाजूला, वाटेपासून दूर, असं ठरवलंय. पुढची वेळ आली तर.

हत्ती आलेले नाहीत. काटे काढून इतके दिवस झाले, एक पाऊल नाही. त्यांनी वाट सोडली असेल तर? मग वासरूही गेलं आणि वाटही. दिवसातून कितीदा टेकडीवर चढते मी. वरून काही दिसत नाही, तरी चढते.

१८ नोव्हेंबर

थोरलीसोबत जाणं म्हणजे लग्नाच्या वरातीत जाणं. घरातून निघाल्यापासून तोंड चालू. सुनेचा स्वयंपाक, गुडघा, साखर कशी ओली होते, सगळं मोठ्या आवाजात, अर्ध्या रानाला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, "अगं, हळू. जनावर असेल तर पळेल."

"पळू दे की. मी त्याला जेवायला बोलावलंय का?"

पण एका जागी गप्प झाली. ज्या झुडपाआड ती हत्तीण उभी होती, त्या झुडपापाशी. मी तिथे थांबते हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला कसं माहीत?

"तू इथे रोज उभी राहून काय करतेस?" तिने विचारलं.

"पावलं बघते."

"इथे पावलं नाहीत. वाट तिकडून आहे."

मी तिकडे बघितलं. खरंच, वाट तिकडून आहे. परत येताना बराच वेळ ती बोलली नाही, मग साखरेवरून पुन्हा सुरू.

१ डिसेंबर

आले.

उजाडत होतं. आम्ही उताराला होतो आणि खाली दलदलीच्या धुक्यातून ते बाहेर पडत होते. पुढे म्हातारी हत्तीण, मग बाकीच्या, पोटाखाली पिल्लं. जिथे काटे होते तिथे आल्यावर म्हातारी थांबली, सोंड जमिनीवर फिरवली. किती वेळ, कुणास ठाऊक. मग सरळ पुढे गेली, माझ्या तुकड्यातून, थोरलीच्या कोपऱ्यातून, वाफ्यांच्या खांबांना वळसा घालून, टेकड्यांकडे. मागून सगळ्या.

मला खाली जायचं होतं. जवळून बघावं, मोजावं, तुकाईला नीट सांगावं. थोरलीने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, सोड. सोडलं नाही. ते दिसेनासे झाले तरी सोडलं नाही. मी पाऊल टाकलं की तिची पकड घट्ट व्हायची. अशीच मला घरापर्यंत ओढत आणली, आणि सबंध वाटेत, पहिल्यांदाच, एक शब्द बोलली नाही.

तुकाईला फोन केला. "गेले," म्हटलं. "सगळे गेले. पिल्लंसुद्धा." पलीकडून तो जोरात हसला.

मनगटावर तिच्या बोटांचे वळ आहेत, लिहिताना दुखतंय. किसेमेई म्हणत होता ते खरंच निघालं. थोरली हत्तींना फार घाबरते. हात कसा गार पडला होता तिचा. मी तिला म्हटलं, "पाशे, तुला एवढी भीती वाटते तर उद्यापासून घरीच थांब. मी जाईन एकटी."

तर माझ्यावरच ओरडली, आणि चहा जास्त झालाय म्हणून पेला पुढे सारला.